भात्याचा कॅमेरा आणि खिशातला फोन

भिगवण-कुंभारगावच्या काठावर हिवाळ्यात दिसतात ते लांबलचक नळीचे कॅमेरे. रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की नावांमधून सहाशे मिलिमीटरच्या लेन्स रोखल्या जातात आणि सेकंदाला दहा-वीस फोटो निघतात. त्या गर्दीत कुणी चार बाय पाच इंचांचा भात्याचा कॅमेरा मांडला, तर नावाडी आधी विचारील, धरणाची मोजणी चालू आहे का? त्याचंही बरोबर आहे. ट्रायपॉड, पाणसळ, डोक्यावर काळं कापड आणि हातात आकडेमोडीची वही, एवढं पाहिल्यावर दुसरं काय वाटणार? उडत्या पक्ष्यापुढे हा कॅमेरा हात टेकतो आणि त्यावर उपाय करणारं ॲप अजून निघालेलं नाही. पण पक्षी सोडले तर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत त्याला भरपूर काम आहे. मोरगावच्या मयूरेश्वराच्या तटाचे मिनार, नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर, उजनी धरणाच्या पोटातून उन्हाळ्यात वर येणारं पळसदेवचं मंदिर, कडबनवाडीचं माळरान, यांतलं काहीच पळून जात नाही.

लार्ज फॉरमॅट म्हणजे चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठ्या, सुट्या शीटवर चित्र घेणारा कॅमेरा. पुढे लेन्सची पाटी, मागे घासलेली काच, मधे भाता. ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीपेक्षा चार बाय पाचचं क्षेत्रफळ साधारण तेरापट भरतं, आणि पुढची-मागची पाटी वर-खाली सरकवता किंवा कलती करता येते, हे याचं वैभव. मात्र आत मीटर नाही, ऑटोफोकस नाही, बॅटरीसुद्धा नाही. जो हिशोब साधा कॅमेरा गुपचूप करून टाकतो तो सगळा इथे माणसाने करायचा. शीट परदेशातून येतं आणि एकेका शीटला शंभराच्या नोटा मोडाव्या लागतात, म्हणून हिशोब चुकणं परवडत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या हिशोबाचा एकेक तुकडा उचलून त्यासाठी फोनवर ॲप निघालं. त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगतो: आकडेमोड फोनकडे द्यावी, बघणं देऊ नये. उजेड मोजणं या दोहोंच्या मधे पडतं आणि खरा वाद तिथेच आहे.

हिशोबाचा हा बोजा मराठी मुलखात नवा नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधला छायाचित्रणाचा वर्ग १८५५चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. पुढे तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंपर्यंत हाफ प्लेटचे लाकडी कॅमेरे पोचले. लेन्सवरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी लावायची. खिडकी, ऋतू आणि घड्याळातली वेळ यांवरून किती आकडे मोजायचे हे त्या माणसांना पाठ असायचं. आजचं ॲप त्याच पाठांतराच्या जागी आलेलं आहे.

सर्वांत कमी वादाचं काम चौकट ठरवण्याचं. कॅमेरा उघडून मांडायला दहा-पंधरा मिनिटं जातात, मग कळतं की जागाच चुकली. ‘मार्क टू आर्टिस्ट्स व्ह्यूफाइंडर’ किंवा ‘मॅजिक युनिव्हर्सल व्ह्यूफाइंडर’ यांसारख्या ॲपमध्ये फिल्मचा आकार आणि लेन्सची लांबी घातली की फोनच्या पडद्यावर तेवढी चौकट दिसते. गंमत अशी की बहुतेक फोनांची मुख्य लेन्स ३५ मिमीच्या भाषेत २४ ते २६ मिमीची असते आणि चार बाय पाचवरची ९० मिमी लेन्सही जवळपास तेवढंच दृश्य पकडते. १५० मिमीची नेहमीची लेन्स बेचाळीसच्या आसपास जाते, २१० मिमीची साठच्या. म्हणजे ॲप नसलं तरी फोनच्या साध्या कॅमेऱ्यातून ९० मिमीचा अंदाज फुकट मिळतो, फक्त फोनची चौकट थोडी लांबट असते हे ध्यानात ठेवायचं. ९०पेक्षा रुंद लेन्स असेल तर फोनची अल्ट्रावाइड लेन्स वापरावी लागते आणि तिच्या कडांवर फार विसंबू नये. जुन्या स्टुडिओ कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांनी हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच हे माप हाताने भरावं. तयार यादीत ते सहसा नसतं.

सूर्याची ॲप्स, म्हणजे ‘फोटोपिल्स’, ‘द फोटोग्राफर्स एफेमेरिस’, ‘सन सर्व्हेयर’, ही घरी बसून वापरायची चीज आहे. बारामती-इंदापूरचा पट्टा १८ अंश अक्षांशाच्या थोडा वर आहे. इथे सूर्य जूनमध्ये उत्तरेपासून ६५ अंशांवर उगवतो आणि डिसेंबरमध्ये ११५वर. वर्षभरात उगवतीची जागा पन्नास अंश सरकते, म्हणजे एखाद्या शिखराच्या मागून सूर्य काढायचा तर नेमके काही दिवसच हाती असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेकडच्या भिंतीवरचं कोरीव काम एरवी भरदुपारी सदा सावलीत. या अडीच महिन्यांत त्यावर वरून तिरका उजेड घसरतो आणि ठसा उठून येतो. युरोपात लिहिलेली छायाचित्रणाची पुस्तकं हे सांगत नाहीत, ॲप सांगतं. पडद्यावर सूर्याचा मार्ग आकाशावर काढून दाखवणारी सोय मात्र होकायंत्रावर चालते, आणि लोखंडी खांब, गाडी किंवा ट्रायपॉडजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दहा अंशांची चूक दिसली तर दोष फोनचाच.

आता उजेड. फोनवर मीटर दोन तऱ्हांनी चालतं. एक तर कॅमेरा समोरच्या वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो, किंवा पडद्याजवळचा सेन्सर फोनवर पडणारा उजेड मोजतो. दुसरी तऱ्हा ऐकायला शास्त्रशुद्ध, पण त्या सेन्सरवर हातातल्या मीटरसारखा पांढरा घुमट नसतो, म्हणून फोन जरा कलला की आकडा बदलतो. स्लोव्हेनियातल्या ‘लुमू’ने फोनला जोडायचा घुमट काढला होता; पहिला हेडफोनच्या भोकात बसायचा, नंतरचा आयफोनच्या लाइटनिंग खाचेत. दोन्ही खाचा आता नव्या आयफोनांवरून गेल्या. शंभर वर्षांपूर्वीची पितळी लेन्स आजही पाटीवर बसते आणि दहा वर्षांपूर्वीचं डिजिटल जोडणं कशालाच बसत नाही, हे या छंदातल्या लोकांनी विसरू नये.

कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स दिवसाउजेडी बरीच भरवशाची असतात. ती तपासायला यंत्र लागत नाही. डिसेंबरातलं निरभ्र आकाश, दुपारचं ऊन, १०० आयएसओ: एफ/१६ला सेकंदाचा शंभरावा भाग हा जुना नियम दख्खनच्या हिवाळ्यात नीट चालतो. एफ/३२ला तोच हिशोब पंचविसाव्या भागावर येतो. उन्हातल्या मळक्या, मध्यम रंगाच्या मातीवर फोन धरून ॲपचा आकडा याच्याशी जुळतो का पाहावं आणि जेवढा फरक पडेल तेवढी दुरुस्ती ॲपमध्ये घालून ठेवावी.

अडचण येते ती काळ्या दगडाशी आणि चुन्याच्या भिंतीशी. परतलेला उजेड मोजणारं मीटर कुठलंही असो, समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. बेसॉल्टच्या शिळेवर धरलं तर ते काळ्याला राखाडी करू पाहतं, चुन्यावर धरलं तर पांढऱ्यालाही राखाडी. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास बांधलेली झोन पद्धत यावरचा उतारा आहे. ज्या सावलीत तपशील हवा तिथे मोजायचं आणि मीटर म्हणेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा उजेड द्यायचा. त्यासाठी दुरून एक अंशाएवढाच तुकडा मोजणारं स्पॉट मीटर लागतं. फोनच्या पडद्यावर बोट टेकवून मोजलेला तुकडा त्याहून पुष्कळ मोठा असतो. उपाय साधा आहे: पाय वापरावेत. दगडाजवळ चालत जावं, फोन त्याच्यापुढे धरावा, आपली सावली पडू देऊ नये. पाण्यात उभ्या असलेल्या मंदिरापाशी चालत जाता येत नाही, तेव्हा आपल्या काठावरचा तसाच दगड, तशाच उजेडात मोजावा.

आणखी एक खाच फारशी कुणी सांगत नाही. शीट फिल्म महाग म्हणून जगभरचे हौशी लोक एक्स-रे फिल्म कापून वापरतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ एक्स-रे फिल्म एके काळी आपल्या दवाखान्यांमध्ये सर्रास असायची. आता दवाखाने डिजिटल झाले, तरी परदेशी एक्स-रे फिल्म मिळते. ही फिल्म निळा किंवा निळा-हिरवा उजेड पाहते, तांबडा पाहत नाही. म्हणून तर ती लाल दिव्यात हाताळता येते. फोन मात्र तांबडाही मोजतो. उजनीच्या काठावर सूर्य टेकला की फोन म्हणतो उजेड भरपूर आहे, आणि फिल्मपुढे जवळपास अंधार असतो. दुपारी तंतोतंत जुळलेलं ॲप संध्याकाळी एक-दोन स्टॉपनी सहज फसवतं. ही चूक कुठल्याही सेटिंगने जात नाही. दर वेळी चाचणीची पट्टी काढून स्वतःचा तक्ता करावा लागतो.

संध्याकाळचा दुसरा हिशोब मात्र ॲपने फारच सोपा केला. शटर फार वेळ उघडं राहिलं की फिल्म आळसावते, तिला गणितापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. इल्फर्डने आपल्या फिल्मांसाठी एक घातांक जाहीर केला आहे: मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा तेवढा घात करायचा. एफपी४ला १.२६, एचपी५ला १.३१. म्हणजे एफपी४वर ८ सेकंदांचे १४ होतात, ३० सेकंदांचे ७३ आणि एका मिनिटाचे जवळपास तीन. एचपी५वर ३० सेकंदांचे ८६. कोडॅकच्या जुन्या तक्त्यात ट्राय-एक्सचे १० सेकंद ५०वर जातात आणि १०० सेकंद तब्बल २० मिनिटांवर. हे अंधारात, डास चावत असताना, डोक्यात करायचं गणित नव्हे. ‘रेसिप्रॉसिटी टायमर’सारखं ॲप आकडा काढतं आणि तिथूनच उलटी मोजणीही सुरू करतं. या एका कामासाठी फोन नेला तरी वसूल.

भात्याच्या लांबीचंही तसंच. १५० मिमी लेन्सचा भाता दूरच्या दृश्यासाठी साधारण १५० मिमी लांब असतो. उसाच्या पेराचा जवळून फोटो घ्यायला तो २२५ मिमी ताणला तर उजेड सव्वादोनपट लागतो, ३०० केला तर चौपट. लांबीला लेन्सने भागायचं आणि वर्ग करायचा, एवढंच. ॲपपेक्षा शिंप्याची टेप जास्त महत्त्वाची, कारण लांबी फोनला कळत नाही. फिलिप साल्झगेबर यांची ‘क्विकडिस्क’ तर त्याहून मजेशीर: कागदाची चकती वस्तूशेजारी ठेवायची, घासलेल्या काचेवर तिचं माप घ्यायचं आणि पट्टीवर थेट उत्तर वाचायचं. बॅटरी लागत नाही.

या कॅमेऱ्याची खरी ताकद पाट्या कलत्या करण्यात आहे आणि फोनने सर्वांत मोठा उपकार तिथे केला आहे असं मला वाटतं. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की काठाचा गाळ भेगाळतो. पायाशी भेगा, दूरवर पळसदेवचं देऊळ. दोन्ही स्पष्ट हवं तर छिद्र बारीक करत जावं लागतं, आणि एफ/६४च्या पलीकडे उजेडच फाकू लागून सगळं चित्र मऊ पडतं. त्याऐवजी लेन्सची पाटी पुढे झुकवली की स्पष्टतेचा पडदाच आडवा होऊन जमिनीवर लोळतो. ऑस्ट्रियन सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या १९०४च्या पेटंटवरून या तत्त्वाला त्यांचं नाव पडलं. विमानं रुळण्याआधीच्या त्या काळात ते हवाई छायाचित्रांवर काम करत होते. किती झुकवायचं याचा सोपा नियम कॅनडाच्या हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी १९९३च्या पुस्तकात मांडला: लेन्सच्या लांबीला लेन्सच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागा, जो कोन त्या साइनचा तेवढं झुकवा. लेन्स १५० मिमी, उंची दीड मीटर, म्हणजे एक-दशांश, म्हणजे ५.७ अंश. मग फोन लेन्सच्या पाटीला टेकवायचा आणि पाणसळीच्या ॲपवर पावणेसहा अंश येईपर्यंत पाटी कलवायची. ज्यांच्या कॅमेऱ्यावर अंशांच्या खुणाच नाहीत त्यांना हे वरदान आहे. फक्त फोनचं कव्हर काढावं. मागचा कॅमेऱ्याचा उंचवटा टेकला तर मोजमाप तिथेच बिघडतं.

झुकवल्यावर स्पष्टतेचा टापू पाचरीसारखा होतो, कॅमेऱ्याजवळ चिंचोळा आणि दूर उंच. वरच्याच मापांनी एफ/३२ला सात मीटरवर जमिनीपासून दीड मीटर उंचीपर्यंत सगळं स्पष्ट येतं, बेचाळीस मीटरवर नऊ मीटरपर्यंत. म्हणजे देऊळ चाळीस मीटरवर असेल तर शिखर बसतं, पण पाच मीटरवर वाळकं झाड आलं तर त्याचा शेंडा गेलाच. हा हिशोब करून मग काचेवर भिंगाने खात्री करावी. स्पष्टतेच्या खोलीच्या तक्त्यांची ॲप्स वापरताना एक गोष्ट बघायलाच हवी: ठिपक्याची मर्यादा, म्हणजे किती मोठा ठिपका स्पष्ट धरायचा. ॲप बहुधा ३५ मिमीसाठी ०.०३ मिमी धरून बसलेलं असतं, चार बाय पाचला ०.१ मिमी चालते. १५० मिमी, एफ/२२ला पहिल्या आकड्याने अतिस्पष्ट अंतर, म्हणजे जिथे फोकस केल्यावर अनंतापर्यंत सगळं स्पष्ट राहतं ते, ३४ मीटर येतं, दुसऱ्याने १०. ‘फोटोपिल्स’मध्ये हा आकडा बदलता येतो. ‘ट्रूडॉफ-प्रो’ उजेड फाकण्याचाही हिशोब धरतं, आयफोनवाल्यांनी ते जरूर पाहावं.

मोरगावला वेगळं काम. तटाची भिंत जवळजवळ पन्नास फूट उंच, कोपऱ्यांवर मिनार, आणि मागे सरकायला बाजारपेठेत जागा नाही. कॅमेरा वर केला तर मिनार एकमेकांकडे झुकतात. मागची पाटी ओळंब्यात ठेवायची आणि लेन्सची पाटी नुसती वर सरकवायची. इथे फोनची पाणसळ वापरा किंवा गवंड्याची, फरक पडत नाही. गवंड्याची उन्हात तापून बंद पडत नाही एवढं खरं.

आता फोन कुठे नको ते. काळ्या कापडाखाली नको. चित्र उलटं दिसतं म्हणून काही जण फोनने घासलेल्या काचेचा फोटो काढून तो सुलटा करून बघतात. शिकाऊ माणसाला एखाद वेळी ठीक, पण फोनचा ऑटोफोकस चित्राऐवजी काचेच्या दाण्यावर बसतो आणि पडद्याच्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना मंद काच पुढची काही मिनिटं दिसतच नाही. उलट्या चित्रात माणूस ओळखीचं देऊळ विसरून आकार आणि सावल्या तोलायला शिकतो. तो फायदा फुकट घालवू नये. अंधाऱ्या खोलीतही फोन नको. ‘मॅसिव्ह डेव्ह चार्ट’चा घड्याळी भाग उत्तम आहे, पण पडदा लाल केला म्हणून नेहमीची पॅनक्रोमॅटिक फिल्म सुरक्षित राहत नाही, तिला लालही दिसतो. ट्रेमध्ये शीट धुणाऱ्यांनी फोन दाराबाहेर ठेवून आवाजावर काम करावं. डबा बंद असेल तर हरकत नाही.

तपमानाचा प्रश्न ॲप अर्धाच सोडवतं. तक्ते २० अंशांचे असतात. इल्फर्डच्या हिशोबाने २० अंशांना चार मिनिटं लागणारं काम २३ला तीन मिनिटांत होतं. बारामतीत एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशी ओलांडतं, तिथे ॲप जो वेळ देईल तो इतका आखूड असेल की शीटवर डाग पडतील. बर्फाच्या पिशव्या किंवा पहाटेची वेळ, याला पर्याय नाही. नीरा कालव्याच्या पट्ट्यातलं बोअरचं पाणी क्षारांचं असतं; शेवटची धुणी आरओच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्याची द्यावी.

फोनचा एक उपयोग मी सर्वांत वर ठेवतो आणि त्याचा नव्या कॅमेऱ्यांशी संबंध नाही. जुनं शटर खरं किती वेळ उघडतं हे कळायला पूर्वी यंत्र लागायचं. आता ‘शटर-स्पीड’ नावाचं ॲप उघडण्या-मिटण्याच्या आवाजावरून ते मोजतं. तेही नको असेल तर फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चौकटी निघतात. लेन्समागे दिवा ठेवून चित्रण करावं आणि छिद्र किती चौकटींत उजळ दिसतं ते मोजावं. तिसाव्या भागाला आठ चौकटी यायला हव्यात, साठाव्याला चार. तिसाव्याला बारा आल्या तर शटर निम्म्याने सुस्त आहे. तेवढं धरून चालायचं, दुरुस्तीची घाई नाही. सव्वाशेव्या भागाला जेमतेम दोन चौकटी येतात, तिथून पुढे ही युक्ती निरुपयोगी. पण लार्ज फॉरमॅटचं बहुतेक काम त्याखालीच चालतं.

तालुक्यांच्या गावांत अजूनही काही घरांत माळ्यावर लाकडी हाफ प्लेट कॅमेरा, पितळी लेन्स आणि काचेच्या निगेटिव्हची खोकी असतील. शोभेची वस्तू म्हणून ती विकण्याआधी लेन्स आणि शटर असं एकदा तपासून पाहा. इल्फर्ड वर्षातून एकदा मागणीनुसार हाफ प्लेट मापाचीही फिल्म कापून देते, म्हणजे तो कॅमेरा आजही चालू शकतो. काचांचं काम मात्र थांबण्यासारखं नाही. टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर, मधे दोन बोटांची फट आणि दुधी कागद ठेवून, फोनने एकेक काच टिपा आणि ‘फिल्मलॅब’सारख्या ॲपने सुलटी करून बघा. ही प्रत यादीपुरती समजा: चार बाय पाचची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन केली तर अकरा कोटींहून जास्त ठिपके निघतात, साध्या फोनने तेवढे येत नाहीत. काचा एकावर एक न रचता उभ्या ठेवा, ओल्या फडक्याने पुसू नका, आणि घरातल्या ज्या आजी-आजोबांना त्यातले चेहरे ओळखता येतात त्यांना फोनवरची चित्रं दाखवून नावं, गाव आणि साल याच उन्हाळ्यात लिहून घ्या.